मोबाईलमधला सिंथ अन् जेकार्डची कार्डं

सोलापुरात आमच्या घरामागच्या बोळात अजून सहा यंत्रमाग चालतात. लहानपणापासून त्या खटाक-खटाकमध्येच झोपायची सवय, उलट लाईट गेली अन् माग थांबले की जाग येते, पाहुण्यांना हे सांगितलं तर पटत नाही. तर गेली दोन-अडीच वर्षं नोकरी सांभाळून रात्री मी एक ॲप बनवतोय, मोबाईलवर चालणारा सिंथेसायझर (थोडक्यात सिंथ) आणि त्याच्या पोटात एक सिक्वेन्सर. मित्र चहाला बसले की ठरलेला प्रश्न येतो, "प्ले स्टोअरवर पियानोची ढिगानं ॲपं पडलीत की बे, तू नवीन काय करायलायस?" दर वेळी तोंडी सांगून दमलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कोडिंग येत नसलं तरी चालेल, दहावीचं गणित पुरे.

त्या पियानोवाल्या बहुतेक ॲपमध्ये खऱ्या पियानोचं रेकॉर्डिंग भरलेलं असतं, पट्टी दाबली की ते वाजतं, बास. सिंथमध्ये रेकॉर्डिंग नसतं, तुम्ही बोट ठेवलं की त्या क्षणी आकडेमोड होऊन आवाज तयार होतो. एक म्हणजे पाकिटातली कडक भाकरी आणि दुसरी म्हणजे तुम्ही ताटावर बसल्यावर थापायला घेतलेली. अन् सिक्वेन्सर म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा ते आधी मांडून ठेवायचं अन् मशीनला म्हणायचं आता तू वाजव. दोन्ही ऐकायला साधंच वाटतंय, मलाही वाटलं होतं, पहिला सूर तर एका संध्याकाळीच वाजला. पुढची दोन वर्षं तो सूर वेळेवर पोचवण्यात गेली.

आवाज म्हणजे स्पीकरचा पडदा पुढं-मागं हलणं. फोन त्या पडद्याला आकडे देत राहतो, आत्ता इतका पुढं हो, आत्ता इतका मागं ये. हे आकडे सेकंदाला किती? सीडीला ४४,१०० असायचे, आजच्या बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनला ४८,००० असतात. म्हणजे तुम्ही हा शब्द वाचेपर्यंत ॲपला काही हजार आकडे काढून द्यावे लागले असते. एकेक आकडा मागायला येणं फोनला परवडत नाही, तो गठ्ठ्यानं मागतो, समजा २५६ चा गठ्ठा. २५६ भागिले ४८,००० म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद. दर ५.३ मिलिसेकंदाला फोन दार वाजवतो, "पुढचे २५६ दे", अन् तेवढ्याच वेळात ते तयार पाहिजेत. या गठ्ठ्याला बफर म्हणतात.

इथं मला मागच समजावून सांगायला बरा पडतो. धोट्यात कांडी असते, कांडीवर बाण्याचं, म्हणजे आडवं सूत गुंडाळलेलं असतं, धोटा इकडून तिकडं पळतो अन् कापड विणलं जातं. कांडी संपत आली की कामगाराच्या हाताशी दुसरी भरलेली पाहिजे. नसली तर माग थांबतो, नाहीतर तसाच रिकामा चालतो अन् कापडात पट्टा पडतो, तो नंतर काही केल्या जात नाही. बफर म्हणजे कांडी. एक वाजतीये तोवर दुसरी भरून ठेवायची, उशीर झाला की आवाजात "टक्" येतो, तोच आपला पट्टा. कांडी मोठी घेतली, म्हणजे २५६ ऐवजी २,०४८ चा गठ्ठा, तर भरायला निवांत वेळ मिळतो पण बोट ठेवल्यावर आवाज यायलाही तेवढाच उशीर, जवळपास ४३ मिलिसेकंद, अन् वर फोनचा स्वतःचा उशीर वेगळाच. वाजवणाऱ्याला ते लगेच जाणवतं, बोट आणि कान यांची फारकत झाल्यासारखं होतं. छोटी घेतली तर पळापळ. सगळं ॲप या ओढाताणीत बसवायचं असतं.

आता लोकांना वाटतं फोनचा प्रोसेसर एवढा तगडा, ५ मिलिसेकंदात २५६ आकडे काढणं म्हणजे काय मोठं. काढणं मोठं नाहीच. सरासरी वेळ बघितली तर माझं ॲप दीड मिलिसेकंदात मोकळं होतं. पण इथं सरासरीला कोण विचारत नाही, हजारातून एकदा जरी सहा मिलिसेकंद लागले तरी टक् येणारच, अन् सेकंदाला साधारण १८७ गठ्ठे लागतात म्हणजे ते "हजारातून एकदा" दर पाच-सहा सेकंदाला येतं.

माझी पहिली चूक हीच होती. अख्खं ॲप कॉटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलं, आवाजाचा भागसुद्धा. कॉटलिन-जावामध्ये वापरून झालेली मेमरी गोळा करणारा एक झाडूवाला असतो, गार्बेज कलेक्टर, तो त्याच्या मर्जीनं येतो अन् त्याचं काम चाललं की बाकीच्यांना मध्येच थोडं थांबावं लागतं. स्क्रीनवर नुसतं बटण असेल तर ते कळतसुद्धा नाही, पण गठ्ठा भरता भरता तो आला की गेली कांडी. मी आठवडाभर स्पीकर खराब आहे म्हणून फोन बदलत बसलो! मग कळलं की जगभर बहुतेकजण हा भाग सी प्लस प्लसमध्ये लिहितात, त्या भाषेत असा झाडूवाला नसतो, अन् त्या गठ्ठा भरायच्या कामात काही गोष्टी कटाक्षानं पाळतात, नवीन मेमरी मागायची नाही, फाईल उघडायची नाही, इंटरनेटला हात लावायचा नाही, अन् सगळ्यात महत्त्वाचं, कुणाची वाट बघत थांबायचं नाही.

वाट बघण्याचं जरा फोडून सांगतो कारण भले भले इथं फसतात. स्क्रीनचं काम एक धागा करतो, आवाजाचं दुसरा (धागा म्हणजे थ्रेड, सोलापुरात हा शब्द वापरायला मला फार बरं वाटतं). तुम्ही स्क्रीनवर बटण फिरवलं की तो आकडा आवाजाच्या धाग्याला पोचला पाहिजे. सरळ उपाय म्हणजे कुलूप, एकजण लिहितोय तोवर दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. पण स्क्रीनच्या धाग्याला काही घाई नसते, तो कुलूप लावून आत असतानाच फोननं त्याला बाजूला केलं अन् व्हॉट्सॲपचं काम पुढं घेतलं, तर आवाजवाला दारात उभाच. म्हणून कुलूप न लावता एक गोल कप्प्यांची रांग ठेवतात, स्क्रीनवाला एका बाजूनं चिठ्ठी टाकतो, आवाजवाला दुसऱ्या बाजूनं गठ्ठ्याच्या सुरुवातीला असतील तेवढ्या चिठ्ठ्या उचलतो, नसल्या तर पुढं चालू लागतो.

ॲन्ड्रॉइडवर हे सगळं सोपं व्हायला बरीच वर्षं गेली. २०१० च्या २.३ आवृत्तीत ॲपचा आवाज फोनकडं पोचवायची ओपनएसएल ईएस नावाची सोय आली, वापरायला किचकट. मग २०१७ ला ॲन्ड्रॉइड ८ बरोबर ए-ऑडिओ आलं आणि त्यानंतर गुगलनं ओबो नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच काढला, ती नव्या फोनवर ए-ऑडिओ वापरते अन् जुन्यावर गपचूप ओपनएसएलकडं जाते. आज नवीन सुरू करणाऱ्यानं ओबोच घ्यावी, उगाच हुशारी करू नये. आयफोनला कोअर ऑडिओ नावाची अशीच सोय आधीपासून होती अन् फोनची मॉडेलंही मोजकी, त्यामुळं संगीताची चांगली ॲपं पहिल्यांदा तिकडंच आली, हे मान्य करावं लागतं.

बरं, त्या गठ्ठ्यात आकडे भरायचे कुठले? समजा ४४० हर्ट्झचा सूर हवाय. म्हणजे सेकंदाला ४४० फेऱ्या. ४८,००० भागिले ४४० केलं की एका फेरीला साधारण १०९ आकडे येतात. एक काटा डोक्यात धरा, घड्याळासारखा, दर आकड्याला तो फेरीचा १०९ वा हिस्सा पुढं सरकतो, फेरी पूर्ण झाली की परत शून्यावर. काटा कुठंय त्यावरून आकडा काढायचा. साईन काढली की शीळ घातल्यासारखा गुळगुळीत आवाज, काट्याची जागाच सरळ आकडा म्हणून दिली की करवतीचे दात, हा कर्कश भरदार आवाज, अर्धी फेरी वर अर्धी खाली केलं की चौकोनी, जुन्या व्हिडिओ गेमसारखा. या यंत्रणेला ऑसिलेटर म्हणतात. सूर बदलला की काट्याचा वेग बदलायचा पण काटा आहे तिथूनच पुढं न्यायचा, मी आधी सूर बदलला की काटा शून्यावर आणत होतो अन् प्रत्येक सुराला बारीक टिचकी ऐकू यायची.

करवतीच्या दातात एक भूत लपलेलं असतं. त्या आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात, वर वर जात राहतात. पण सेकंदाला ४८,००० आकडे असतील तर त्यात जास्तीत जास्त २४,००० हर्ट्झपर्यंतच मावतं. त्याच्या वरचं काय होतं? गायब होत नाही, घडी घातल्यासारखं खाली येतं. ३,५०० चा उंच सूर घ्या, त्याचा चौदावा उपस्वर ४९,००० वर जातो, तो घडी होऊन येतो थेट १,००० वर, म्हणजे मूळ सुराच्याही खाली, जिथं त्याचा काहीएक संबंध नाही. ऐकायला कसं लागतं, तर उंच सुरांच्या मागं कुणीतरी बेसूर शीळ घालतंय असं. सिनेमात जीपची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार. उपाय म्हणजे दात एकदम तोडायचा नाही, जिथं उडी आहे तिथले एक-दोन आकडे ठरलेल्या हिशोबानं गोल करून घ्यायचे. पॉलीब्लेप म्हणतात त्याला, आठ-दहा ओळींचं कोड आहे पण फरक असा पडतो की पाचशे रुपयाच्या खेळण्यातला आवाज एकदम वाद्याचा वाटायला लागतो.

मग फिल्टर. करवतीचा आवाज भरपूर तिखट असतो, शेंगाचटणीत नुसतं लाल तिखटच पडल्यासारखा. फिल्टर वरचा तिखटपणा काढतो. अन् कसा काढतो ते बघितलं तर हसू येईल इतकं सोपं आहे. मागचं उत्तर लक्षात ठेव, नवीन आकडा आला की त्याच्या दिशेनं थोडंसंच सरक, पूर्ण जाऊ नकोस. संपलं. हळू बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे खालचे सूर, सावकाश सरकत पोचतात, अन् झटपट वरखाली होणारे उंच सूर पोचायच्या आतच मागं फिरतात म्हणून दबतात. किती सरकायचं तो आकडा म्हणजे फिल्टरचं बटण. रॉबर्ट मूगनं १९६४ पासून अमेरिकेत जे सिंथ बनवले त्यांच्या प्रसिद्ध फिल्टरमध्ये अशाच चार पायऱ्या एकामागं एक होत्या आणि शेवटचं उत्तर थोडं उलटं करून परत सुरुवातीला दिलेलं, त्यानं तो "वाव" म्हणल्यासारखा आवाज येतो. त्याकाळी ते ट्रान्झिस्टरमध्ये होतं, आपण चार ओळींत लिहितो.

तिसरा भाग म्हणजे आवाज कसा उगवतो अन् कसा मावळतो. हलगीवर टिपरी पडली की एकदम कडाड् अन् लगेच खलास. पेटीचा सूर भाता चालू तोवर तसाच राहतो. तंबोऱ्याची तार छेडली की कितीतरी वेळ घुमत राहते. सिंथमध्ये हे चार आकड्यांत सांगतात, वर चढायला किती वेळ, मग थोडं खाली यायला किती, बोट ठेवलंय तोवर किती मोठा, अन् बोट उचलल्यावर विझायला किती. याला एन्व्हलप म्हणतात. ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप झाले की तुमचा एक आवाज झाला. एकाच वेळी आठ सूर धरायचे तर अशा आठ प्रती, म्हणजे सेकंदाला ३ लाख ८४ हजार वेळा ही सगळी माळ फिरवायची, नववं बोट आलं की सगळ्यात जुना किंवा सगळ्यात हळू झालेला आवाज काढून त्याची जागा द्यायची.

माझी सगळ्यात आवडती युक्ती मात्र यातली नाहीच. १९८३ साली केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग या दोघांनी तार छेडल्याचा आवाज काढायची एक पद्धत छापली, मी ती वापरून ॲपमध्ये तुणतुणं केलंय. २२० हर्ट्झचा सूर हवा तर ४८,००० भागिले २२०, म्हणजे २१८ कप्प्यांची एक गोल रांग घ्यायची. तार छेडायची म्हणजे सगळ्या कप्प्यांत वाट्टेल ते आकडे टाकायचे, फासे टाकल्यासारखे. मग एकेक आकडा बाहेर काढून वाजवायचा, अन् तो आणि त्याच्या पुढचा यांची सरासरी काढून त्याच कप्प्यात परत ठेवायची. एवढंच. पहिल्या फेरीला नुसती खरखर, पण प्रत्येक फेरीत सरासरी होऊन टोकं झिजत जातात अन् सेकंदाच्या आतच त्या खरखरीतून तुंग्ग असा तारेचा सूर बाहेर येतो, खरी तारसुद्धा तशीच झिजत विझते. रात्री दीडला पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी ते निदान शंभरवेळा वाजवलं असंल, बायको उठून बघून गेली. खाचखळगे आहेत, २१८ कप्पे म्हणजे अचूक २२० नाही, किंचित इकडं-तिकडं होतं अन् उंच सुरांना तर ते कानाला लागतं, मग अर्ध्या-पाव कप्प्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. पण शाहिराच्या मागं उभं राहून वाजवावं असं तुणतुणं दहा ओळींत मिळतं, अजून काय पाहिजे.

आता सिक्वेन्सर, अन् परत आपला माग, यावेळी जेकार्डवाला. सोलापुरी चादरीवरचे मोर अन् फुलं कुणी हातानं काढत नाही. मागाच्या डोक्यावर जेकार्ड असतं, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. जिथं भोक तिथली सुई आत जाते अन् ताण्याचे, म्हणजे उभे, तेवढे धागे उचलले जातात, जिथं भोक नाही तिथं नाही. कार्ड संपली की माळ परत पहिल्यावर येते अन् डिझाईन पुन्हा सुरू. फ्रान्सच्या लियॉंमध्ये जोसेफ मारी जाकारनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र काढलं. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलंय, कार्डांच्या जागी पेनड्राईव्ह, पण मला समजलं ते त्या पुठ्ठ्याच्या माळेमुळंच. स्टेप सिक्वेन्सर डिट्टो तेच आहे, १६ चौकोनांची ओळ म्हणजे १६ कार्डं, प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक वाद्य, चौकोन दाबला की भोक पडलं. माळ फिरत असताना डिझाईन बदलायची असेल तर फेरी पूर्ण व्हायची वाट बघावी लागते, मधेच बदललं तर चादरीत मोराला फुलाची शेपटी लागते, गाण्यातही तेच होतं.

कार्ड पुढं सरकायचं कधी, हा खरा प्रश्न. १२० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, एका ठोक्याला अर्धा सेकंद, त्याचे चार भाग केले की एक चौकोन १२५ मिलिसेकंदाचा. सुरुवातीला मी फोनच्या टायमरला सांगितलं की दर १२५ मिलिसेकंदाला मला उठव. तो कधी १२५ ला उठवायचा, कधी १२८, मधेच नोटिफिकेशन आलं की १४०. दारूड्यानं ढोल वाजवल्यासारखं. फोनचा टायमर वाईट नाही, तो अलार्मसाठी आहे, तालासाठी नाही. ताल मोजायचा तर आकडेच मोजायचे, कारण आवाजाचं एकच खरं घड्याळ म्हणजे स्पीकरला जाणारे ते ४८,००० आकडे. १२० च्या लयीत एक चौकोन म्हणजे बरोब्बर ६,००० आकडे. आता गठ्ठे २५६ चे, ते ६,००० ला काही बसत नाहीत, २३ गठ्ठे झाले की ५,८८८, म्हणजे पुढचा ठोका चोविसाव्या गठ्ठ्यात ११२ आकडे गेल्यावर पडतो. तर तिथं त्या गठ्ठ्याचे दोन तुकडे करायचे, पहिले ११२ जुन्या सुराचे, मग नवा सूर सुरू करून उरलेले १४४. आळस करून ठोका गठ्ठ्याच्या सुरुवातीलाच टाकला तर प्रत्येक ठोका शून्य ते पाच मिलिसेकंद मागं-पुढं होतो, ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही पण पाय हलत नाहीत.

हे सगळं करून मी खूश होतो अन् गणपतीच्या आधी एका मंडळाच्या लेझीमच्या सरावाला ॲप घेऊन गेलो. हलगीचं रेकॉर्डिंग कानात लयीची टकटक लावून १३० च्या लयीत वाजवून घेतलेलं, ते ॲपच्या आतच चालू, अन् त्यावर माझ्या सिंथचे खालचे जाड सूर. पहिली दोन मिनिटं झकास. पाच-सहा मिनिटं झाली तसं हलगीवाले काका, ज्यांच्या हलगीचं ते रेकॉर्डिंग होतं, ते म्हणाले,

"थांब जरा. तुझं मशीन पुढं पळायलंय."

"काका, ते कंप्युटर आहे, पळत नसतंय."

"पळतंय. माझ्या ठोक्याच्या आधी पडायलंय त्याचा. लेझीमवाल्या पोरांना नसंल कळत."

घरी येऊन तपासलं. १३० च्या लयीत एक चौकोन म्हणजे ५,५३८.४६ आकडे. मी पॉइंटच्या पुढचं कापून ५,५३८ धरत होतो. प्रत्येक चौकोनाला अर्ध्या आकड्याहून कमीच खातोय की, म्हणून सोडून दिलेलं. मिनिटाला ५२० चौकोन, ०.४६ गुणिले ५२० म्हणजे २४० आकडे, म्हणजे मिनिटाला ५ मिलिसेकंद, सहा मिनिटांत ३०. काकांनी ३० मिलिसेकंद कानानं पकडले, मी वर्षभर पकडले नव्हते, कारण मी नेहमी १२० लाच तपासायचो, जिथं भागाकार पूर्ण जातो. आता उरलेला अपूर्णांक पुढच्या चौकोनात नेतो, हातचा घेतात तसा. काकांना परत ऐकवलं, ते म्हणाले आता ठीकाय पण जीव नाही त्यात. ते काय सांगत होते ते पण कळायला वेळ गेला. हलगीवाला सगळे ठोके सारख्या अंतरावर टाकतच नाही, दुसरा ठोका जरा रेंगाळतो. म्हणून स्विंगचं बटण दिलं, एक आड एक चौकोन ठरलेल्या प्रमाणात मागं ढकलायचा. ठरवून मागं ढकलणं वेगळं अन् चुकून मागं पडणं वेगळं. रोज दहा मिनिटं उशिरा येणारी एसटी आपण सांभाळून घेतो, कधी लवकर कधी उशिरा येणारीची मात्र शिव्या देत वाट बघतो, कानाचंही तसंच. लेझीमच्या रांगेत शेवटची पोरं हलगीपासून वीस मीटरवर असली तर आवाज त्यांच्यापर्यंत पोचायलाच साठेक मिलिसेकंद जातात, तरी ती जमवून घेतात कारण तो उशीर दर ठोक्याला तेवढाच असतो.

चौकोन १६ च का, ही माझी आणखी एक चीड. बहुतेक सिक्वेन्सर चाराचे चार गट धरून बनवलेत, तीनतालाला १६ मात्रा म्हणून आपलं चालून जातं, भजनी ठेक्याला ८ घेतले की झालं. पण रूपकाच्या ७ अन् झपतालाच्या १० मात्रांचं काय? मी प्रत्येक रांगेची लांबी सुटी ठेवलीये, चौकोनांचे रंगही ३-२-२ किंवा २-३-२-३ असे विभागानुसार. एका रांगेला ७ अन् दुसरीला १६ लावलं तर दोघी ११२ चौकोनांनी परत समेवर भेटतात, ते ऐकताना मजा येते.

सुरांचंही तेच. सिंथच्या जगात मिडी नावाची १९८३ ची भाषा चालते, त्यात प्रत्येक पट्टीला नंबर, ६९ म्हणजे ४४० हर्ट्झ, अन् एक पट्टी वर गेलं की १.०५९५ नं गुणायचं. आपल्याकडं कुणी ६९ म्हणत नाही, "काळी एक ला लाव" म्हणतात. म्हणून ॲपमध्ये आधी सा कुठं ते विचारतो, काळी एक धरली तर सा २७७.१८ वर. अन् ग? पेटीच्या पट्टीनं गेलं तर ३४९.२३, पण गवयाचा ग सा च्या सव्वापट असतो, म्हणजे ३४६.४८. पावणेतीन हर्ट्झचा फरक, वाटतं काय एवढं. पण तंबोरा चालू असेल तर सा चा पाचवा उपस्वर अन् ग चा चौथा एकमेकांशेजारी येतात अन् पेटीवाल्या ग ला सेकंदाला अकरा वेळा थरथर ऐकू येते. पेटीत हे सुधारायचं तर कारागिराला एकेक सूर घासायला लागतो, सिंथमध्ये फक्त बारा आकड्यांचा तक्ता बदलायचा. सिंथ विलायती म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींना मी हेच ऐकवतो, तसंही मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच रोलँड कंपनीच्या सिंथ-मशीनवर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, २०१० ला परत निघाली तेव्हा लोक चकित झाले.

ब्लूटूथचं एका ओळीत सांगतो, वाजवताना ब्लूटूथ हेडफोन नको, शंभर-दोनशे मिलिसेकंद तिथंच जातात अन् कुठलंही ॲप ते परत आणू शकत नाही. वायरवाला घ्या.

आणि शेवटचं आमच्या गावचं दुखणं, ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात ४३-४४ काही नवीन नाही. फोन तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो, अन् एसीत बसून तपासलेलं ॲप इथं पत्र्याच्या खोलीत दहा मिनिटांत टकटक करायला लागतं. हलगी जाळावर तापवल्याशिवाय बोलत नाही अन् फोन तापला की बोलत नाही, असं काका म्हणतात. त्यामुळं मी आता किती आवाज एकदम चालतात ते गार फोनवर मोजतच नाही. दुपारी दोनला गच्चीवरच्या खोलीत जुना तीन जीबीवाला फोन ठेवतो, अर्धा तास व्हिडिओ चालवून तापवतो, मग ॲप लावतो अन् आवाज एकेक करत वाढवतो. गार असताना बारा चालायचे, तापल्यावर सात. म्हणून ॲपमध्ये सहाच दिलेत, हेडफोन लावून तिथंच पंचवीस मिनिटं बसलो होतो, घामानं शर्ट भिजला पण एकही टक् आला नाही, फक्त मागच्या बोळातले माग ऐकू येत होते.